गुणाच्या लेकराला उठवणाऱ्या सिस्टर

रुद्राणी सिस्टरांची मोपेड आमच्या गल्लीत शिरली की चार घरं आधी कळतं. एक तर त्या मोपेडचा सायलेन्सर कधीच कामातून गेलेला आहे, आणि दुसरं म्हणजे सिस्टर गाडी चालवता चालवताच ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाची चौकशी करतात. इंजिनाच्या वर ऐकू जावी अशा आवाजात करतात. कुणाचा गुडघा कसा आहे, कुणी बीपीची गोळी चुकवली, हे त्यांच्यामुळे गावाला फुकटात कळतं. त्यांचे यजमान बसलिंगप्पा एस.टी.त कंडक्टर आहेत. तो माणूस तिकिटापुरतं बोलतो आणि घरी गेल्यावर तेवढंही बोलत नाही. देवानं त्या घरासाठी जेवढा आवाज काढून ठेवला होता तो सगळा सिस्टरांच्याच पदरात टाकला, असं मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हणालो. त्यावर त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की माझं म्हणणं तिथल्या तिथं सिद्ध झालं.

मी लक्ष्मणराव. अर्धापूरजवळ केळी करतो. स्वभावानं जरा तापट आहे; मी नाही सांगितलं तर गाव सांगेल, म्हणून आधीच सांगून टाकतो.

सिस्टर अर्धापुरात आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात काम करतात. दवाखाना साधाच. खोकला, ताप, जुलाब, विंचू चावलेला, पायात काटा मोडलेला, असले सगळे तिथं. सिस्टर इंजेक्शन देतात, पट्टी बांधतात, बीपी बघतात आणि रांगेत भांडणाऱ्यांना गप्प करतात. त्यांचं माहेर देगलूरचं. त्यामुळे वाक्य मराठीत सुरू होतं, रागावल्या की मध्येच कानडीत जातं आणि लेकराला बघितलं की तेलुगूत संपतं. अंगानं ठेंगण्या, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, साडीवर पांढरा कोट आणि खांद्याला एक मोठी कापडी पिशवी. पिशवीत वजनाचा काटा, लेकरू ठेवायची झोळी आणि स्वतःचा साबण. कुणाच्याही घरी गेल्या की आधी न्हाणीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतात आणि मगच चहाला हो म्हणतात.

त्यांची एक पद्धत आहे. दवाखान्याच्या ओळखीतल्या कुठल्याही घरात बाळंतीण आली की पहिल्या आठवड्यातच, दुपारी दवाखाना बंद झाल्यावर, त्या स्वतः घरी जातात. कुणी बोलवायची वाट बघत नाहीत. डॉक्टर एकदा म्हणाले होते, सिस्टर, उन्हातान्हात कशाला हिंडता, फोन करून विचारत जा. त्यावर सिस्टरांनी सांगितलं की लेकरू घोट घेतं का न्हाई ते फोनवर ऐकू येत नाही. 

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे राजकन्या आली. माझी एकुलती एक लेक, पहिलं बाळंतपण, तेव्हा माहेरी होणारच. नांदेडच्या दवाखान्यात मुलगी झाली. पावणेतीन किलोची, डोक्यावर दाट जावळ, नाक थेट माझ्यासारखं. तिसऱ्या दिवशी मायलेकींना घरी आणलं आणि आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या बायकोनं, रुक्मिणबाईनं, राज्य हातात घेतलं. मधल्या खोलीत बाज टाकली, बाजेखाली शेगडी ठेवली, खिडकीला गोधडी बांधली. लेकरू दोन दुपट्यांत आणि वर एका शालीत असं गुंडाळलं की नुसतं नाक बाहेर. बाप्यांनी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही असा हुकूम सुटला. मी माझी खुर्ची ओसरीवर टाकली. समोर अंगणात कपड्यांची दोरी, डाव्या हाताला खोलीचं दार, आणि मी राखणीला.

आणि लेकरू काय गुणाचं! रडणं नाही, किरकिर नाही. दूध प्यायला घेतलं की दोन घोट घेऊन झोपायचं, न्हाऊ घातलं की झोपायचं, झोपेतून उठलं की पुन्हा झोपायचं. बघायला येणाऱ्या बायका तोंडात बोट घालायच्या. आमचं तर रात्रभर घर डोक्यावर घ्यायचं, असं जिनं तिनं सांगावं आणि रुक्मिणबाईनं अभिमानानं पदर सावरावा. लेकरू झोपेत मध्येच हसायचं. तेव्हा तर खोलीत कुणी श्वासही मोठ्यानं घेत नसे. सटवाई लेकराला हसवते, तिच्याशी खेळते, अशा वेळी लेकराला उठवायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पाचवीला पाटा-वरवंटा पुजला, कोरा कागद आणि पेन ठेवलं, सटवाईनं येऊन नशीब लिहावं म्हणून. त्या रात्रीही लेकरू इतकं गाढ झोपलं की सटवाईला लिहायला काही अडचण आली नसेल.

एवढं गुणाचं लेकरू घरात म्हटल्यावर त्याची झोप राखायची जबाबदारी माझी. मी काम अंगावर घेतलं की पूर्ण करतो. म्हशीच्या गळ्यातली घंटा काढली. फाटकाच्या बिजागरीत तेल घातलं. शेजारच्या हणमंतरावाच्या ट्रॅक्टरवर गाणी वाजतात, त्याच्याशी भांडलो. केळीच्या व्यापाऱ्याची गाडी आली तर ती नाल्यापाशीच थांबवली आणि मजुरांना घड खांद्यावरून तिथवर न्यायला लावले. मजूर माझ्याकडे बघत होते, पण नातीपुढं मजुरांचं काय ऐकायचं! दोरीवर दिवसाकाठी दोन-तीनच लंगोट वाळत असायचे. ते बघून मला आणखी कौतुक वाटायचं, की लेकरू स्वच्छतेचंही केवढं शहाणं.

एकच गोष्ट मनाला लागत होती. राजकन्या. ती शाळेत असताना पळण्यात पहिली यायची आणि बक्षीस घेऊन आली की रस्त्यापासूनच ओरडत यायची. आता ती दाराआडून हूं की चूं करत नव्हती. एका सकाळी मी तिला आईशी बोलताना ऐकलं. ती म्हणत होती, माझ्यात दूधच नाही, म्हणून ती तोंड फिरवून झोपते. रुक्मिणबाईनं तिला अळिवाची खीर दिली, मेथीचे लाडू दिले, शतावरी दिली. तरी लेकरू झोपलेलंच. शेवटी लातूरला जावयांना, सत्यमरावांना, फोन झाला की येताना पावडरीचा डबा घेऊन या. त्यानंतर राजकन्या टॉवेलात तोंड घालून रडली. तो रडण्याचा आवाज मला ओसरीवर आला आणि मला काय करावं ते कळेना. आत जायला बंदी, आणि बाहेर बसून बाप काय करणार?

त्याच दिवशी दुपारी मोपेडचा आवाज आला.

मी चपला न घालताच फाटकापर्यंत पळालो आणि ओठांवर बोट ठेवलं. सिस्टरांनी इंजिन बंद केलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं की घरात कोण आजारी आहे. मी हळूच सांगितलं, आजारी कुणी नाही, लेकरू झोपलंय. कधीपासून, म्हणाल्या. मी म्हणालो, सकाळपासून, लई गुणाचं लेकरू आहे. मग दूध कधी प्यायलं, असं त्यांनी विचारलं. ते खातं माझ्याकडे नाही, असं मी सांगितलं.

सिस्टर गाडीवरून उतरल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज खाली आलेला पहिल्यांदा ऐकला, आणि मी मुकाट्यानं फाटक उघडलं.

हात धुऊन त्या आत गेल्या. पुढचं मी थोडं दाराच्या फटीतून ऐकलं आणि बाकीचं नंतर रुक्मिणबाईकडून कळलं. सिस्टर बाजेवर बसल्या नाहीत, खाली जमिनीवर बसल्या. लेकराकडे बघितलंसुद्धा नाही. राजकन्येला विचारलं, तू जेवलीस का, पाणी किती पितेस, झोप किती झाली, रडू येतं का. पोट सुटू नये म्हणून रुक्मिणबाई तिला पाणी मोजूनच देत होती. सिस्टरांनी तांब्या मागवला, तिच्या हातात दिला आणि तिनं तो संपवेपर्यंत गप्प बसल्या. शेवटचा प्रश्न राजकन्येच्या उत्तराविनाच राहिला, कारण ती रडायलाच लागली. सिस्टरांनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, आता लेकरू घे, मी नुसती बघते.

लेकरानं तीनदा तोंड हलवलं आणि झोपलं.

सिस्टरांनी शाल काढायला हात घातला तेव्हा रुक्मिणबाई मध्ये पडली. झोपलेल्या लेकराला उठवू नये, सटवाई हसवून राहिली तिला, असं तिनं सांगितलं. सिस्टरांनी वाद घातला नाही. हसल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मावशी, सटवाईचं काम पाचवीलाच झालं. आता आपलं काम चालू झालं."

पाचवीची पूजा रुक्मिणबाईनंच मांडली होती. ती बाजूला सरकली.

पुढचा अडथळा वजनाचा. लेकरू काय केळीचा घड आहे का तोलायला, नजर लागते, असं रुक्मिणबाईनं म्हटलं. सिस्टरांनी काटा खाली ठेवला आणि सांगितलं, आधी मीठ-मोहरीनं नजर काढा, तीट मोठी लावा, मी थांबते. नजर काढून झाली. गालाला, तळपायाला तीट लागली. मग झोळीत घालून तोललं तर लेकरू अडीच किलोही भरेना. दुपटी सोडल्यावर खिडकीची गोधडी बाजूला करून सिस्टरांनी उजेडात बघितलं. डोळ्यांत आणि छातीवर पिवळी झाक होती आणि ओठ सुकले होते.

त्या बाहेर आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहून स्पष्ट बोलल्या. "मामा, लेकरू गुणाचं न्हाई, उपाशी हाय. अंगात जोर न्हाई म्हणून झोपून राहिलं. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं चला. घाबरू नका, पण उद्यावर टाकू नका."

मी आयुष्यात बऱ्याच जणांना उलट उत्तरं दिली आहेत. त्या दिवशी मुकाट्यानं जीप काढली.

डॉक्टरांनी लेकराला नीट तपासलं, टाचेतून रक्त घेतलं. कावीळ होती, पण दिव्याखाली ठेवायला लागेल इतकी नव्हती. वजन मात्र पहिल्या दिवसांत सगळ्याच लेकरांचं उतरतं त्यापेक्षा जास्त उतरलं होतं. ते म्हणाले, दोन दिवस भरपूर पाजा. लेकरू प्यायचंच बंद झालं, अंग गरम लागलं किंवा पिवळेपणा वाढला, तर रात्र-दिवस न बघता या. आणि शुक्रवारी काट्यावर वजन वाढलेलं दिसलं नाही, तर नांदेडला काचेच्या पेटीत ठेवायचं. राजकन्येनं विचारलं, मी तिच्यासोबत राहू शकेन का? तिचा आवाज इतका बारीक झाला होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डबा द्यायचा का, असंही तिनंच विचारलं. सिस्टर म्हणाल्या, लागला तर देऊ, त्यात लाज कसली, लेकराचा जीव आधी. पण तुझं दूध आटलं असं कुणी ठरवलं? ते बघितल्याशिवाय मी डब्याला हात लावू देणार नाही.

मग त्या आमच्यासोबत घरी आल्या आणि घराचं राज्य रुक्मिणबाईच्या हातून हळूच आपल्या हातात घेतलं. म्हणजे रुक्मिणबाईला कळलंही नाही असं घेतलं. शेगडी बाजेखालून काढून कोपऱ्यात नेली, ती रुक्मिणबाईच्या हातानं. दुपटी सोडली, ती रुक्मिणबाईच्या हातानं. लेकरू नुसत्या लंगोटावर आईच्या उघड्या छातीशी धरून दोघींवर मिळून एक शाल घातली. लेकराची हनुवटी आत, तोंड मोठं उघडलेलं, नुसत्या टोकाला धरायचं नाही, हे त्यांनी राजकन्येच्या कोपराखाली उशी सारून दाखवलं. लेकरू झोपायला लागलं की तळपायाला बोट लावायचं, पाठीवरून हात फिरवायचा, तरी झोपलं तर दुसऱ्या बाजूला घ्यायचं. शेवटी हातानं दूध काढून वाटीत घ्यायचं आणि चोचीच्या बोंडल्यानं थेंब थेंब पाजायचं. बोंडलं आमच्या माळ्यावर होतं, राजकन्येला ज्यानं पाजलं होतं तेच. रुक्मिणबाईनं ते घासून पुसून, उकळून आणलं तेव्हा तिच्या तोंडावर त्या दिवशी पहिल्यांदा हसू होतं.

राजकन्येनं पहिल्यांदा हातानं दूध काढलं आणि वाटीचा तळ झाकला गेला. ती वाटीकडे बघतच राहिली. "हे माझंय?" एवढंच तिनं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, मग काय म्हशीचं? आणि तेव्हा कुठं त्यांचा नेहमीचा आवाज परत आला.

त्या आवाजानं लेकरू दचकलं आणि जरासं किरकिरलं. सिस्टर म्हणाल्या, बघा, आमची चिन्नी जागी झाली. चिन्नी म्हणजे त्यांच्या तिकडे छोटीला म्हणतात. तेव्हापासून आमच्या घरात लेकराचं तेच नाव पडलं.

आता मी उरलो. मी विचारलं, मी काय करू? मला वाटलं, त्या म्हणतील, तुम्ही बाजूला बसा. सगळ्याच बायका बाप्याला तसंच म्हणतात. पण सिस्टरांनी मला दोन कामं दिली. पहिलं, म्हशीची घंटा परत बांधायची आणि घर रोजच्यासारखं चालू द्यायचं. दोन-अडीच तास झाले की दारात उभं राहून हाक द्यायची, रात्रीसुद्धा, कारण बाळंतिणीला झोप लागून जाते आणि लेकरू तर झोपलेलंच असतं. दुसरं काम दोरीचं. त्यांनी अंगणातल्या दोरीकडे बोट केलं. लेकरू पोटभर प्यायला लागलं की ओलं करणार, ओलं केलं की लंगोट दोरीवर येणार. दोरी रिकामी दिसली की मला फोन करा. "मामा, खोलीत तुम्हाला जाता येत न्हाई, पण तुम्हाला इथूनच सगळ्यांच्या आधी कळंल," असं त्या म्हणाल्या.

मला त्या बाईचा इतका आदर कधी वाटला नव्हता.

ते दोन दिवस मी केळीत फिरकलोही नाही. मोबाईलवर गजर लावला. रात्री विहिरीवरच्या मोटारीची पाळी धरावी तशी मी लेकराची पाळी धरली. गजर झाला की दाराशी जायचं, खाकरायचं आणि म्हणायचं, उठवा. पहिल्या वेळी रुक्मिणबाई आतून म्हणाली, आत्ताच तर झोपलं. मी म्हणालो, सिस्टरांना फोन लावू का? त्यानंतर मला फक्त खाकरावं लागायचं. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोरीवर तेवढेच लंगोट. मी खुर्ची आणखी पुढं सरकवली, जणू जवळून बघितल्यानं ते वाढणार होते. हणमंतराव फाटकाशी येऊन विचारून गेला की आता ट्रॅक्टरवर गाणी लावली तर चालतील का. मी म्हणालो, लाव, मोठ्यानं लाव. तो घाबरून तसाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर आल्या. आत बराच वेळ बसल्या. मी दारापाशी उभा होतो. एकदम आतून त्यांनी सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. ज्या बाईनं मी राखलेली शांतता मोडून काढली तिनंच आता गप्प बसवलं म्हणून मला राग येणार होता, तेवढ्यात मला ऐकू आलं. बारीक, कोरड्या गळ्यात पाणी उतरावं तसा आवाज. एक, मग दुसरा, मग थांबून तिसरा. लेकरू घोट घेत होतं. 

नंतर चहा पिताना मी सिस्टरांना विचारलं, हे सगळं तुम्हाला नर्सिंगच्या शाळेत शिकवलं का? त्या म्हणाल्या, शाळेत शिकले तेव्हा परीक्षेत पास झाले आणि स्वतःला मूल झालं तेव्हा सगळं विसरले. देगलूरला माहेरी त्या बाळंतपणाला गेल्या होत्या. त्यांचा मुलगाही असाच झोपाळू. त्या स्वतः नर्स, आणि घरात बसून रडत होत्या की मला दूध नाही. लेकराला न्हाऊ घालायला पार्वतम्मा नावाची म्हातारी यायची. तिनं एक दुपारभर काहीच सांगितलं नाही. नुसती शेजारी बसली, सिस्टरांच्या पाठीला तेल लावत राहिली. संध्याकाळी म्हणाली, आता घे, तू ताठ बसतेस म्हणून लेकरू सुटतं. सिस्टर म्हणाल्या, "शिकलेलं सगळं डोक्यात होतं, मामा. पण माझ्याजवळ कुणी बसेपर्यंत ते हातात उतरलं न्हाई." म्हणून त्या आधी बसतात. मी म्हणालो, पण तुम्ही बसता तेव्हा बोलतही असता. त्या हसल्या आणि चहाचा कप माझ्या हातात देऊन निघाल्या.

त्या दिवशी संध्याकाळी मी दोरीकडे बघितलं तर रुक्मिणबाईनं लंगोटांना जागा करायला माझं धोतर काढून फाटकावर टाकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझे कपडे असे बाजूला टाकलेले बघून मला आनंद झाला.

शुक्रवारी सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. रांग सोडून सगळे आमच्याकडे बघत होते, कारण सिस्टरांनी आदल्या दिवशीच दवाखान्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. रुक्मिणबाईनं घरूनच नजर काढून आणली होती आणि तीट एवढी लावली होती की डॉक्टरांनी विचारलं, हे काय लागलंय. राजकन्येनं लेकरू काट्यावर ठेवलं आणि डोळे मिटले. मी काट्याकडे बघितलं, पण मला आकडा दिसेना, चष्मा घरी राहिला होता. मी सिस्टरांच्या तोंडाकडे बघितलं.

त्यांनी राजकन्येच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, वाढलं.

एका केळाएवढं वजन वाढलं होतं. मोठंही नाही, फणीतल्या कडेच्या बारक्या केळाएवढं. मी जन्मभर केळी क्विंटलनं तोलली, गाड्याच्या गाड्या भरल्या. एका केळासाठी मला एवढा आनंद होईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला बागेतून हाकलला असता. डॉक्टरांनी डोळे बघितले, छाती बघितली, पिवळेपणा उतरतोय म्हणाले. नांदेडला जायची गरज नाही, पाजत राहा आणि सोमवारी पुन्हा दाखवा. राजकन्येनं डोळे उघडले आणि तिथंच बाकावर बसून लेकराला पदराखाली घेतलं, रांगेतल्या सगळ्यांसमोर. तिला कुणाचीच लाज वाटत नव्हती. माझी पळण्यात पहिली येणारी पोरगी मला त्या दिवशी परत मिळाली.

घरी आल्यावर लेकरू रडलं. असं रडलं की म्हैस वळून बघायला लागली. हणमंतराव भिंतीवरून म्हणाला, रावसाहेब, लई रडून राहिलं लेकरू, झोपू द्या की जरा. मी त्याला पेढा दिला.

बारशाला लातूरहून व्याही मंडळी आली. सत्यमरावांनी पावडरीचा डबा आणला होता, तो न उघडताच कपाटावर गेला. सिस्टरांना मी स्वतः जाऊन बोलावणं केलं होतं. त्या बसलिंगप्पांना घेऊन आल्या आणि बायकांच्या घोळक्यात सगळ्यांत मागे, दाराशी बसल्या. घुगऱ्या वाटल्या, पाळणा सजला. आत्यानं, म्हणजे सत्यमरावांच्या बहिणीनं, पुनमनं, मोबाईलवर शोधून काढलेलं नाव लेकराच्या कानात सांगितलं, कुर्र केलं, आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. नाव चांगलंय, मला अजून नीट म्हणता येत नाही.

एवढ्या गडबडीत लेकरू पाळण्यात झोपून गेलं. झोपेतच त्याच्या ओठांवर हसू आलं. सगळ्या बायका एकदम हळू झाल्या. विहीणबाई, लातूरच्या कस्तुराबाई, पाळण्यावर वाकल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "किती गुणाची हाय बघा. हात लावू नका कुणी, सटवाई खेळवून राहिली."

मी ओसरीवरून आत बघत होतो.  मी सिस्टरांकडे बघितलं. त्यांनी तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं.

कारण रुक्मिणबाई उठली होती. तिनं पाळणा थांबवला. दुपट्यातून लेकराचा पाय बाहेर काढला आणि सगळ्या व्याही मंडळींसमोर तळपायाला बोटानं टिचकी मारली. लेकरानं तोंड वाकडं केलं आणि मोठ्यानं रडायला सुरुवात केली. तिनं ते उचलून राजकन्येच्या मांडीवर दिलं, तिच्या कोपराखाली उशी सारली, आणि मग वळून म्हणाली, "सटवाईचं काम पाचवीलाच झालं, विहीणबाई. आता आपलं काम चालू झालं."

 राजकन्या हसत होती आणि लेकरू पीत होतं. दाराशी सिस्टर मान खाली घालून घुगऱ्या खात होत्या, आणि त्यांच्या तोंडून एक शब्द निघत नव्हता.